काटकोन मिस्त्रींचा गुण्या

चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या या गृहस्थांना गल्लीत सगळे 'काटकोन मिस्त्री' म्हणायचे. टेबलावर पेपर तिरका पडलेला दिसला तरी त्यांचा हात तो सरळ करायला जायचा. त्यांचा सगळा अभिमान एका हत्यारात होता. गुण्या, म्हणजे कोन बरोबर काटकोनात आहे का ते पाहायचं लोखंडी पातं. काम शिकवणाऱ्या वस्तादांनी काम सोडताना तो त्यांच्या हातात ठेवला आणि सांगितलं, "यावर शंका घ्यायची नाही." वस्तादांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

घरात मात्र एक भांडण तीस वर्षं जुनं होतं. स्वयंपाकघराचं दार मिस्त्रींनीच केलेलं, पण त्याचा खालचा कोपरा जमिनीला घासायचा. उचलून धरल्याशिवाय ते लागत नसे. बायको म्हणायची दार वाकडं. मिस्त्री म्हणायचे फरशी वाकडी, दार तर गुण्याला लावून केलंय. "नाचता येईना, अंगण वाकडं," म्हणत ती दुखरं मनगट चोळायची आणि पुन्हा दार उचलायची.

त्यांच्या सुनेची शाळा मध्येच सुटली होती. यंदा ती बाहेरून दहावीला बसत होती. एका दुपारी भूमितीचं पुस्तक घेऊन ती मागच्या शेडमध्ये आली.

"बाबा, यात म्हणतात, सुरुवातीच्या चार-पाच गोष्टी न विचारता मान्य करायच्या. बाकी सगळं त्यांच्यावरून सिद्ध करायचं. तुमच्या कामात न विचारता काय मान्य करता?"

"हा गुण्या," मिस्त्री छाती काढून म्हणाले.

"पण तो तर तपासता येतो."

मिस्त्रींच्या कपाळाला आठ्या पडल्या. "वस्तादांचा गुण्या तपासतेस?"

"रागावू नका ना. फळीच्या सरळ कडेला तो लावा आणि एका खुणेवरून रेघ मारा. आता उलटा करून त्याच खुणेवरून दुसरी मारा. रेघा एकावर एक पडल्या, तर दोन्ही बाजूंचे कोन सारखे. आणि सरळ रेषेवर ते दोघे मिळून दोन काटकोन होतात. म्हणजे प्रत्येकी एक."

"आणि फळीची कड सरळ आहे हे कशावरून?" मिस्त्रींनी पेचात पकडलं.

"ती मान्य करून टाकू," सून हसली. "कुठेतरी पाय टेकवायलाच हवा की!"

हे मिस्त्रींना पटलं. तरी त्यांनी कड डोळ्यासमोर धरून नीट पाहिली, मग कानावरची पेन्सिल काढली. दोन्ही रेघा खुणेपाशी एक होत्या. वर फूटभर जाईपर्यंत त्यांच्यात काडेपेटीतल्या काडीच्या जाडीएवढी फट पडली.

"फट दुप्पट दिसते बाबा, चूक निम्मीच असते," सून हळूच म्हणाली.

निम्मी धरली तरी सात फुटी दाराला ती भारी पडत होती. मिस्त्रींना आठवलं, गिऱ्हाइकाकडे दार बसवताना दर वेळी एकच कोपरा रंधावा लागायचा, आणि दर वेळी ते भिंतीला दोष द्यायचे. गिऱ्हाईक बोललं की रंधा चालायचा. बायको बोलली की जीभ.

गुण्या वस्तादांकडून आला तेव्हाच वाकडा होता, की नंतर कधी पडला, हे आता कोण सांगणार? सून पुस्तक मिटून उभी राहिली. तिला वाटलं, उगाच विचारलं. "बस, अभ्यास कर इथेच," ते म्हणाले आणि रंधा उचलून घरात गेले.

बायको बाजारातून आली तेव्हा दार परत बिजागऱ्यांवर चढलं होतं. तिने सवयीने मूठ धरून ते जोरात उचललं. दार न अडखळता सरकलं आणि तिचाच तोल गेला. तिने खाली वाकून कोपरा पाहिला. मग नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या शर्टावर लाकडाची सालपटं होती.

"तुझं बरोबर होतं," मिस्त्री म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. आज सूनबाईंच्या पुस्तकावरून कळलं."

तिने एका बोटाने दार लावलं. उघडलं. पुन्हा लावलं.

"पुस्तक कशाला हवं होतं?" ती म्हणाली. "माझ्या मनगटाला विचारलं असतंत, तरी सांगितलं असतं."

मिस्त्रींनी पुढे होऊन तिच्या हातातली जड पिशवी घेतली.