उरलेला गाल

यांजमा पोलिसात आहे हे तिच्या चालण्यावरून कुणाला कळणार नाही. मेंढ्यांमागून चालावं तशी चालते, सावकाश, नजर कडेकडेने फिरवत. आमच्या सरहद्दीवरच्या गावात सरकारने बायका-मुलांसाठी वेगळा विभाग काढला, तो विभाग म्हणजे ती एकटी. एक टेबल, एक खुर्ची आणि भिंतीवर हसऱ्या मुलीचं भलंमोठं चित्र. चित्र राजधानीतून आलं. तिने गाडी मागितली होती, ती आली नाही.

मी प्रांताच्या नाटकमंडळीत आयुष्यभर आया रंगवल्या. गोबी वाळवंटाच्या वाऱ्यात, उघड्यावर, समोर घोड्यावर बसून बघणारे प्रेक्षक. मी मुलासाठी रडायला लागले की घोडेसुद्धा माना खाली घालतात, असं आमचा पडदेवाला सांगत फिरायचा. लबाड होता, पण त्याच्या त्या लबाडीवर मी कितीतरी हिवाळे काढले.

तर मुली पळवण्याविरुद्धचा कायदा झाला त्याच्या दुसऱ्या वसंतात यांजमा माझ्या दारात आली.

"दुलमा आजी, नाटक करायचंय. मुलींना फसवून नेतात त्यावर. राजधानीतून साहेब येणार आहेत, टीव्हीवालेही."

"माझी भूमिका?"

"आई."

"दुसरं काय असणार म्हणा."

प्रयोग जीपतळावर होता. आमच्याकडे सरहद्द पायी ओलांडू देत नाहीत, त्यामुळे पलीकडे चीनमध्ये जाणारं प्रत्येक माणूस तिथल्या जुन्या जीपमध्ये कोंबलं जातं. त्या रांगेशेजारीच मंच उभारला, फलक बांधले, फुगे लावले. वारा असा सुटला की निम्मे फुगे परवान्याशिवाय पलीकडे गेले.

तालमीला राजधानीतले ते चोइजिल साहेब हजर. नाटकातली आई मुलीला निरोप देते तिथे मी आमच्या रीतीप्रमाणे, मुका घ्यावा तसा, तिचा उजवा गाल हुंगला आणि मागे सरले.

"दोन्ही हुंगा ना बाई," साहेब म्हणाले. "कॅमेऱ्यात छान दिसेल."

"साहेब, तुम्हाला आईने शाळेला धाडलं तेव्हा किती हुंगले?"

"एक." ते हसले. "दुसरा परत आल्यावर."

"मग? दोन्ही हुंगले म्हणजे पोरीला सांगितलं की परत येऊ नकोस."

"बरं, बरं. तुमचं खरं."

प्रयोग रंगला. ड्रायव्हर, हमाल, शिपाई, सगळे मंचाकडे तोंड करून उभे. पाठ फिरवून उभी होती ती फक्त यांजमा. माझ्या सर्वांत चांगल्या प्रवेशाला पाठ. मला रागच आला. आणि मग तिच्या खांद्यावरून मलाही ते दिसलं.

शेवटच्या हिरव्या जीपपाशी लाल नवं जाकीट घातलेली चौदाएक वर्षांची मुलगी होती. तिच्यासमोर रेशमी पायघोळ झग्यातली एक बाई. बाईने घाईघाईने मुलीचा उजवा गाल हुंगला, मग डावा हुंगला, आणि तिला आत ढकललं.

यांजमा पोचली. दारावर हात ठेवला.

"माझी मुलगी आहे," बाई म्हणाली. "मावशीकडे चाललीय. ही परवानगी, हा शिक्का. वाचता येतं ना?"

चोइजिल साहेब धावत आले. "काय चाललंय?"

"साहेब, या बाईने दोन्ही गाल हुंगले."

"मग? कुठल्या कलमाखाली गुन्हा आहे तो? कागद बरोबर आहेत, सोड तिला. टीव्हीवाले आलेत, इथे तमाशा नको."

तमाशा त्यांनीच भरवला होता. मी मंचावर त्याच तमाशातली आई होऊन उभी होते.

यांजमा खिडकीत वाकली. "बाळ, तुझा कुठला गाल उरलाय?"

"सांग ना," बाई दटावून म्हणाली, "आई इथेच आहे म्हणावं."

मुलीने बाहीने डावा गाल पुसला. जोरजोराने, लाल होईपर्यंत. मग तो तळव्याने झाकून धरला.

"हा," ती म्हणाली. "हा आईसाठी ठेवला होता."

तिचं नाव नंदिन. आई दूर कुरणात मेंढ्यांपाशी. पोरगी राजधानीत शिवण शिकायला चाललीय, एवढंच तिला सांगितलेलं. रेशमी बाई संध्याकाळपर्यंत सुटली. आपण फक्त निरोप द्यायला आलो होतो म्हणे. नंदिनला ठेवायला गावात सरकारची एक खोली नव्हती. फलकांना कापड होतं, फुग्यांना हवा होती, पोरीला खाट नव्हती. ती यांजमाच्या तंबूत झोपली, सोबतीला शेजारी मी.

तिची आई लोकरीच्या ट्रकवर बसून आली. तोंडावर धूळ, ओठ फुटलेले. लेकीचा डावा गाल तिने हुंगला तो सोडेचना. मी तो प्रवेश जन्मभर केला, पण एका श्वासात उरकायचे. प्रेक्षक खोकायला लागतात ना.

चोइजिल साहेबांनी काय केलं ऐका. टीव्हीवर येऊन त्यांनी सगळ्या देशाला सांगितलं की आमच्या विभागाने गालावरून खोटी आई कशी ओळखली. स्वतःच्या गालांना बोट लावून दाखवलं, आधी हा, मग हा. यांजमाने चहाचा वाडगा खाली ठेवला.

"संपलं," ती म्हणाली.

साहेबांना पदक मिळालं. सरकारी कार्यक्रमात गोंधळ घातला म्हणून यांजमाची रवानगी गुरंचोरीच्या टेबलावर झाली. तिच्या जुन्या खुर्चीवर अजून कुणी बसलेलं नाही. हसरी मुलगी भिंतीवर आहेच. मला राग त्या रेशमी बाईचा येतो त्याहून या माणसाचा जास्त येतो. ती निदान चोरून करत होती.

उन्हाळ्यात मी जीपतळावर तळलेल्या पोळ्या घ्यायला गेले. तीच बाई, वेगळा झगा, वेगळी मुलगी. तिने एकच गाल हुंगला. हळू, डोळे मिटून. वर डोळे टिपले. मी शिकवलं असतं तरी इतकं सुरेख आलं नसतं.

यांजमा तिथे होती. सुट्टीच्या दिवशी ती तिथेच असते, साध्या कपड्यांत. ती खिडकीत वाकली, मुलीला काहीतरी विचारलं. मुलगी दार उघडून खाली उतरली आणि यांजमाचा झगा घट्ट धरून उभी राहिली.

"काय विचारलंस गं पोरी?" मी यांजमाला म्हटलं.

"नाही सांगणार आजी. तुम्ही मंचावर सांगाल."

"आणि साहेबांनी विचारलं तर?"

"त्यांना सांगेन, मेंढ्या शोधत होते."