ख्रिस्त हे आडनाव नव्हे

आमच्या व्याह्यांना देवानं तोंड दिलं ते दुसऱ्याला समजावून सांगण्यासाठीच. जेवण आणि जांभया ही कामं ते त्याच तोंडानं फावल्या वेळात उरकतात. मूळचे नगरकडचे, पणजोबापासूनचे ख्रिस्ती, आणि मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत उभा जन्म बॉयलरवर काढलेला. बॉयलरशेजारी ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही, म्हणून आवाज कायमचा तिथलाच राहिला. माझ्या मुलीनं त्यांच्या मुलाशी लग्न ठरवलं, म्हणजे ठरवून मग आम्हाला कळवलं, तेव्हा ते पहिल्यांदा आमच्या भिवपुरीच्या घरी आले. दोन गोड शब्द बोलावेत म्हणून मी आपला म्हणालो, "तुमचे येशू ख्रिस्त म्हणजे थोर पुरुष हो." त्यांनी तोंडाशी नेलेली बशी खाली ठेवली. "ख्रिस्त हे आडनाव नव्हे, व्याहीबुवा! हुद्दा आहे. येशू हे नाव, ख्रिस्त हा हुद्दा. इब्रीत, म्हणजे हिब्रू भाषेत, मशीहा, ग्रीकमध्ये ख्रिस्त, आपल्या भाषेत अभिषिक्त. डोक्यावर तेल ओतून देवानं ज्याला कामावर नेमलं तो." आतून आमच्या हिनं विचारलं, "मंग आडनाव काय त्यांचं?" "आडनाव नव्हतं, विहीणबाई. गाव नासरेथ. नासरेथकर म्हणा हवं तर." "म्हंजी आपल्यावानीच की," ही म्हणाली. लग्न खरं तर तिथंच जमलं असं माझं मत आहे.

तेव्हापासून या माणसाबरोबर बाहेर पडायचं म्हणजे घरी परत कधी पोचू याचा नेम नाही. एकदा खालापूरच्या स्टँडवर करटुली विकणाऱ्या एका ठाकरीण बाईनं सहज विचारलं, "कुठं निघाला, बाबा?" निघाले होते उपासनेला, तेव्हा उत्तराची गाडी थेट येशूच्या 'दाविदाचा पुत्र' या पदवीवर गेली. पुत्र म्हणजे पोटचा मुलगा नव्हे, दावीद राजाच्या वंशातला, मधे कितीतरी पिढ्या गेलेल्या, वगैरे. ती बाई शांतपणे ऐकून म्हणाली, "एवढ्या पिढ्या ध्यानात ठिवल्या, चांगली मान्सं." तोवर एसटी निघून गेली होती, आणि बाईचा वेळ घेतला म्हणून त्यांनी अख्खी पाटी विकत घेतली. आठवडाभर आम्ही करटुलीच खाल्ली. 'मनुष्याचा पुत्र' या पदवीवर तर त्यांचा विशेष जीव. "लोकांना वाटतं हा साधेपणा. अहो, जुन्या शास्त्रात मनुष्याचा पुत्र ढगांवरनं येतो, सगळं राज्य त्याच्या हाती जातं! नीट वाचत नाहीत लोक." मग आवाज उतरवून म्हणत, "पण आला तो गाढवावर बसून. लोकांनी मागवला फौजदार, आला वैद्य. ओळखणार कसा?" हे वाक्य मला फार आवडायचं, पण तसं सांगितलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतील या भीतीनं मी गप्प बसे.

नाक्यावरचे वाढदिवसाचे फ्लेक्स हे त्यांचं दुसरं दुखणं. 'कार्यसम्राट', 'भावी आमदार' असं काही दिसलं की खाली उभे राहून बॉयलरच्या आवाजात विचारणार, "सम्राट? नेमला कुणी? तेल कुणी ओतलं?" शेजारी त्याच सम्राटाचे कार्यकर्ते वडापाव खात उभे. मी त्यांची बाही धरून ओढत असतो आणि ते मागं वळून सांगत असतात, "हुद्दा दुसऱ्यानं द्यायचा असतो, बाळांनो!" मार खाल्ला नाही ही दोन्ही देवांची कृपा.

मग नातू झाला. बाळंतपण आमच्याकडं, बारसं आमच्या पद्धतीनं, सगळं गोडीत पार पडलं. पण बाप्तिस्म्याची गोष्ट निघाली आणि आमच्या हिचा चेहराच उतरला. "पानी घातलं का पोर त्यांचं. मंग आमी कोन?" मी समजावलं, मुलीनं समजावलं, व्याह्यांनी फोनवरून समजावलं, त्यानं तर जास्तच बिघडलं. ती त्यांच्याशी कडाकडा भांडली आणि फोन ठेवून दिला. खरं सांगतो, मलाही मनातून तीच भीती होती, फक्त बोलायचं धाडस तिचं.

बाप्तिस्म्याच्या सकाळी व्याही स्वतः रिक्षा घेऊन दारात आले. ही न्हाणीपुढं पाय पसरून बसलेली, पायांवर बाळ, आणि बोटांनी त्याची टाळू भरत होती. वर न बघता म्हणाली, "न्या. आजवर आमचा, आता तुमचा."

व्याह्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. इतक्या दिवसांत हे मी प्रथमच पाहिलं. मग ते खाली फरशीवर बसले. "तेल रोज घालता?"

"जल्मल्यापासनं. खोबऱ्याचं हाय."

"विहीणबाई, आमच्याकडं राजा नेमायचा तर आधी एक म्हातारा संदेष्टा येई आणि त्याच्या डोक्यावर तेल ओती. मशीहा शब्द तिथनंच आला. आता हे पोर काही मशीहा नव्हे, मशीहा एकच, आणि हे तेलही ते तेल…" आता तासाभराची निश्चिंती, मी मनात म्हटलं. पण ते थांबले. "तंतोतंत बसत नाही. नसू दे! आम्ही आज पाणी घालणार. तेलाचा हात तुमचा, आमच्या आधीचा. तो कोण काढून घेणार?"

'नसू दे' हे शब्द त्यांना येतात हेच मला ठाऊक नव्हतं. हिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "थांबा, लुगडं बदलून येते."

चर्चमध्ये पाळकसाहेबांनी विचारलं, बाळाला कोण घेऊन आलं आहे? व्याह्यांनी हिला कोपरानं पुढं ढकललं. ही सगळ्या मंडळीपुढं खणखणीत बोलली, "मी आनलंय. आजी हाय मी त्याची." व्याही एवढ्या जोरात 'आमेन' ओरडले की बाळ दचकून रडायला लागलं.

यंदा जावयाला गुजरातेत नोकरी लागली. व्याही विधुर, एकटे मागं राहून काय करणार? तेही निघाले. टेंपो भरून झाला, तरी नातू हिच्या कडेवरच होता. शेवटी तिनं तो मुलीकडं दिला आणि व्याह्यांना म्हणाली, "तवा तुमी न्यायला निघालता, तर तुमच्याशी भांडले. आता नोकरीनं नेला. नोकरीशी कशी भांडू?"

"माझ्याशीच भांडा," व्याही म्हणाले. "रोज फोन करा आणि माझ्याशी भांडा."

ती करते. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की आमच्या घरात कडाक्याचं भांडण होतं, बाळाला टोपी का नाही घातली, मऊ भात का नाही दिला. पलीकडचा आवाज मला ओटीवर ऐकू येतो. मग तो थांबतो, आणि ही फोन पदरानं पुसून दिव्याजवळ ठेवते.