शब्दाचा पक्का

आमच्या अमरावतीच्या नाट्यमंडळाचे प्रचारप्रमुख साधी वेळसुद्धा कानाशी तोंड नेऊन सांगत. गावाची नाडी फक्त त्यांनाच कळत असे. "लोकायले या म्हनलं का येत नाई, जागा नाई म्हनलं का धावतात!"

म्हणून नाटकाच्या आदल्या दिवशी त्यांनी पानठेल्यावर, न्हाव्याकडे, कापसाच्या बाजारात तिकिटं संपल्याची आवई उठवली. गावानं विश्वास ठेवला आणि घरीच बसलं.

मी दारात तिकिटं फाडायला उभा होतो. आत नुसत्या खुर्च्या. तेवढ्यात भातकुलीहून बैलगाडीनं एक कुटुंब आलं.

"जागा आहे का जी?"

"नाई बाप्पा, हाउसफुल्ल!" माझ्या मागून प्रचारप्रमुख ओरडले.

गाडी वळली. मी कपाळावर हात मारला.

ते माझ्या कानाशी आले. "काल साऱ्या गावाले सांगतलं. आज शब्द कसा फिरवू?"