सोडलेला गोबरा

सकाळपासून दत्तूकाकांच्या लहानशा होडीत बसून होतो आणि माझा गळ दर वेळी रिकामाच वर येत होता. ऊन चढलं, मान भाजली, आमिषाची कोळंबी संपत आली. दुपारी एकदाचा दोरीला झटका बसला. बऱ्याच खोलातून ओढून वर आणला तर वीतभर गोबरा निघाला, अजून एकदाही अंडी न घातलेलं पिल्लू. लहान मासा ठेवायचा नाही, असं मी ठरवूनच आलो होतो. जपून गळ काढला आणि त्याला पाण्यात सोडलं. दिवस फुकट गेल्याचं वाईट वाटणंही जरा कमी झालं.

मासा मात्र खाली जाईना. पोट वर करून तो लाटांवर तरंगत राहिला.

"तो जायचा नाही आता, साहेब," काका म्हणाले. "एवढ्या खोलातून ओढलात, पोटातली हवा फुगलीय त्याची."

"मग आधी बोलला का नाहीत?"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

त्यांनी होडी वळवली, मासा जाळीने उचलला आणि माझ्या पिशवीत टाकला. "घरी न्या. वाया घालवू नका."

परतताना मी धुमसत होतो. काकांवर चिडावं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं. नियम करताना मी फक्त माझ्या मनाला बरं वाटेल एवढंच पाहिलं होतं.

संध्याकाळी बायकोने तो तळला. चव अप्रतिम होती, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.