यात दुसरा गट कुठे आहे?

भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ मीच सुचवलं. अशिलाला एवढंच हवं होतं, की मास्तरांचं तोंड बंद व्हावं.

अशील म्हणजे घोडपदेवचे एक पुढारी. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. परब मास्तर हे निवृत्त चित्रकला शिक्षक. रोज सकाळी नाक्यावरच्या फळ्यावर रंगीत खडूने चार ओळी लिहायचे. भाऊ सभेत म्हणाले, मागच्या गल्लीतल्या मुसलमानांना हाकलून लावा. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी लिहिलं : 'आपली चाळ पेटली तेव्हा पाण्याच्या बादल्या त्याच गल्लीतून आल्या. भाऊ तेव्हा कुठे होते?'

भाऊ तडक माझ्या गिरगावच्या ऑफिसात आले.

"बदनामीची केस टाका, वकीलसाहेब."

"ती रेंगाळेल. शिवाय त्यात जामीन लगेच मिळतो. आपण १९६ लावू."

धर्म, जात, भाषा यांवरून दोन गटांत वैर पसरवणाऱ्यासाठी हे कलम आहे. भाऊंच्या भाषणाला ते चपखल बसत होतं. मी ते मास्तरांवर लावलं.

पोलीस ठाण्यात अर्ज मुद्दाम शुक्रवारी दुपारी दिला. शनिवारी-रविवारी सुट्टीच्या कोर्टात जामिनाचं बहुतेक 'सोमवारी बघू' होतं. आम्हा वकिलांना हे पाठ असतं.

सब-इन्स्पेक्टरने अर्ज वाचला. "साहेब, यात दुसरा गट कुठे आहे?"

"भाऊंना मानणारे लोक."

"असं? मग उद्या कोणी आमच्या सिनियरला शिव्या घातल्या, तर आख्खं पोलीस स्टेशन एक गट का?"

तो हसला. तेवढ्यात वरून फोन आला. त्याचं हसू गेलं आणि एफआयआर झाला.

अडुसष्ट वर्षांचे, डायबेटिसचे मास्तर तीन दिवस कोठडीत होते. सोमवारी सुटले, ते दर आठवड्याला हजेरी लावायच्या अटीवर. या कलमाखाली अटक करायला कुणाची परवानगी लागत नाही. खटला चालवायला मात्र सरकारची मंजुरी लागते. ती दीड वर्ष आली नाही. केस बंद झाली. भाऊंच्या भाषणाचा व्हिडिओ पोलीस अजून 'तपासतायत'. नाक्यावरच्या फळ्यावर आता फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात, बहुतेक भाऊंच्याच नावाने.

भाऊंसारखी भाषणं ऐकून माझाही संताप होतो. कायदा कडक करा म्हणणाऱ्यांचाही होतो. द्वेष पसरवणाऱ्याला शिक्षा हवीच, हे मी आजही म्हणतो. पण ज्याच्यासाठी वरून फोन येतो, त्याच्यापर्यंत हा कायदा पोचतच नाही. बाकीच्यांना अटक हीच शिक्षा. निकालाची गरजच पडत नाही. आणि हे घडवायला माझ्यासारखा एक वकील पुरतो.

गेल्या महिन्यात मास्तरांच्या खोलीवर गेलो. दार त्यांच्या पत्नीने उघडलं.

"आता कित्याक इलात?"

"माफी मागायला."

आतून मास्तर म्हणाले, "आत नको. पोलिसांनी माझी वरात या गॅलरीतूनच काढली होती. तिथेच मागा. मोठ्याने."

शेजारचे बाहेर आले. मी मोठ्याने म्हणालो,

"मास्तर, तुम्ही गुन्हा केला नव्हता. हे मला अर्ज लिहितानाच माहीत होतं. तरी लिहिला. मला माफ करा."