कपाशीत गेलेला चेंडू

सत्तरच्या आसपासची गोष्ट. अमळनेरहून शिरपूरला जाताना आमची एसटी पंक्चर झाली आणि आम्ही सगळे कपाशीच्या शेताकडेला उतरलो. माझ्या शेजारी बसलेला माणूसही उतरला. उन्हात रापलेला चेहरा, चौकटीची पँट, आणि एक लांबलचक कातडी पिशवी छातीशी धरलेली.

“बंदूक शे का?” एका म्हाताऱ्या आबांनी विचारलं.

“नाही आबा, गोल्फच्या काठ्या.” मग तो संकोचत सांगू लागला. लहानपणी साहेबांच्या काठ्या उचलायचा, पुढे स्वतःच खेळू लागला. कलकत्ता, दिल्ली, परदेशातसुद्धा जिंकला. आता खेळावरच पोट होतं. स्पर्धा आटोपून बहिणीकडे निघाला होता.

“मंग मारी दखाड ना,” आबा म्हणाले.

त्याने पिशवीतून एक काठी आणि चेंडू काढला, पाय रोवले, कंबर वळवली आणि काठी फिरवली. चेंडू कपाशीवरून, बाभळींवरून गेला तो दिसेनासाच झाला. टाळी कोणीच वाजवली नाही. पाहुण्याचा चेंडू हरवला म्हणून सगळे हळहळले. तो “राहू द्या, राहू द्या” म्हणेपर्यंत अर्धी गाडी कपाशीत शिरली होती, कंडक्टरसुद्धा.

चेंडू एका अक्कांना सापडला. त्यांनी तो पदराने पुसून त्याच्या हातात दिला. “आते धीरे मार, भाऊ. हरपी जाई.”

“बरं, अक्का,” म्हणत त्याने चेंडू खाली ठेवला आणि काठी नुसती टेकवली. चेंडू घरंगळत आबांच्या जोड्याशी थांबला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. देशोदेशी जिंकून आलेला तो माणूस इतका खुलला, की गाडी सुटेपर्यंत तसाच धीरे धीरे मारत राहिला.