बांबूमागचं घर

त्या दिवशी मी काय बोललो, हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

काल इथे जपानात, आमच्या उरायासू शहरातल्या बागेत मुलं फुलबाज्या लावत होती. जळक्या दारूचा वास आला आणि मी पुन्हा इशिदासानच्या शेजारी, ओल्या पाचोळ्यात उभा होतो. ते ऑफिसातले माझे सीनियर, सुट्टीत रानडुकरांची शिकार करायचे. मी हौसेनं सोबत गेलो होतो. गोळी मातीत रुतेल अशी टेकडी जनावरामागे असल्याशिवाय ते चाप ओढत नसत.

डुक्कर बांबूच्या बेटापुढे थांबलं. त्यांच्या जागेवरून बेटामागचं दिसत नव्हतं.

"तुमच्या बाजूनं बघा, मागे काय आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

डुकरावरची नजर न काढताच मी म्हणालो, "टेकडीच आहे. मारा लवकर, जाईल ते."

मागे घर होतं. आधी काच फुटल्याचा आवाज आला, मग बाईमाणसाचा. स्वयंपाकघरात तांदूळ धुणाऱ्या आजींचा एक डोळा त्या काचेनं गेला.

पोलिसांना इशिदासान एवढंच म्हणाले, "मी स्वतः पाहिलं नाही. बंदूक माझी होती." माझ्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. तेव्हा मला ती दया वाटली, हायसं वाटलं. आता वाटतं, दोष द्यावा इतकीही किंमत त्यांच्या लेखी मला उरली नव्हती.

इशिदासान गेल्या वर्षी वारले. आजी अजून त्याच घरात राहतात आणि त्यांच्याच नावानं बोटं मोडतात, असं ऐकतो. आजींसमोर बसून खरं सांगण्याचं देणं मी लागतो. अजून गेलेलो नाही.